निळ्या दारांचे उंदीर

"हे माह्या घरात येनार नाही," अनसूयाकाकूंनी दारातूनच सांगून टाकलं.

एक पिंजरा रिक्षावाल्यानं ओसरीवर ठेवला होता, दुसरा माझ्या हातात होता आणि बाकीचे सगळे सायकलरिक्षात उन्हात तापत होते. चंद्रपूरचा एप्रिल महिना. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कॉलेजात ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग चिडीचूप व्हायचा, ते डॉ. नीळकंठ खिरटकर स्वतःच्याच फाटकाशी घाम पुसत उभे होते. सरांनाही कोणासमोर तरी असं उभं राहावं लागतं, हे पाहून मला खरं तर हसू येत होतं.

"दोन महिन्यांचाच प्रश्न आहे, अनू," सर म्हणाले. "प्राणिघरावर पत्रा आहे. सुट्टी लागली की प्राचार्य तिकडची वीज बंद करतात. तिथं हे आठवडाभरसुद्धा जगायचे नाहीत."

"आन् इथं जगतीन?"

"इथं कूलर आहे."

"तो कूलर माह्यासाठी आनला होता न तुमी?"

मी हातातला पिंजरा हळूच खाली ठेवला. काकूंनी वाकून जाळीतून पाहिलं. आत एक तपकिरी, गुबगुबीत उंदीर निपचित पडला होता. फक्त त्याचं पोट भरभर वरखाली होत होतं. काकू थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग दारातून बाजूला झाल्या.

"घ्या आत," त्या म्हणाल्या. "तडफडून राह्यलं बिचारं."

बाजूला होताना त्यांनी पातळाचा घोळ डाव्या पायावर ओढून घेतला. ती त्यांची सवयच होती. तो पाय मी त्याआधी दोनचारदा ओझरता पाहिला होता. गुडघ्यापासून तो खांबासारखा सरळ खाली उतरला होता आणि पावलाला पावलाचा आकार उरला नव्हता. काकू दिवसाउजेडी कधी घराबाहेर पडत नसत. सरांच्या सत्काराला नाही, कोणाच्या लग्नाला नाही, कॉलेजात तर नाहीच नाही.

सर मुळात माशांवर काम करणारे. लग्नानंतर दोनतीन वर्षांत काकूंना थंडीताप येऊ लागला, मग पाय सुजला आणि तो पुन्हा उतरलाच नाही. आमच्या भागात हत्तीरोगाचं कोणाला नवल नव्हतं. गल्लीत एखादा तरी तसा पाय असायचाच. पण सरांनी ते मनाला लावून घेतलं. मासे सोडले आणि जंत धरले. 'पाच वर्षांत औषध काढतो,' असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं. हे मला काकूंनीच हसत हसत सांगितलं, तेव्हा त्या पाच वर्षांची पंचवीस झाली होती.

औषध मुळी नव्हतंच असं नाही. सरकारी दवाखान्यात पांढऱ्या गोळ्या मिळत. पण त्या गोळ्यांनी रक्तात फिरणारी जंतांची पिल्लं तेवढी मरत. पिल्लं घालणारी मोठी मादी बहुतेक वेळा आत सुखरूप राही आणि काही महिन्यांनी पुन्हा व्यायला लागे. सरांना ती मादी मारायची होती. त्यासाठी तरुणपणी त्यांनी उत्तरेतल्या एका संस्थेतून कापशी जातीचे उंदीर आणले होते, रेल्वेत मांडीवर पिंजरे घेऊन. माणसाच्या जंताचा एक चुलतभाऊ या उंदरांच्या छातीत राहतो. एका उंदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी ती लागण सरांनी तेव्हापासून तुटू दिली नव्हती. औषध शोधायचं तर आधी रोग सांभाळावा लागतो, आणि सरांनी तो डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता.

इतक्या वर्षांत किती झाडपाल्यांचे काढे त्या उंदरांच्या पोटात गेले त्याची गणती नाही. कशानंच काही झालं नाही. मग भामरागडच्या जंगलातून आणलेल्या एका वेलीच्या सालीनं पहिल्यांदा थोडी आशा दाखवली. सर तेव्हा अठ्ठावन्नला टेकले होते आणि जूनअखेर निवृत्त व्हायचे होते. त्यांच्यामागे प्राणिघर पाडून तिथं सायकल स्टँड करायचं कॉलेजनं ठरवूनही टाकलं होतं. म्हणजे हा प्रयोग शेवटचा. वेल चालली तर सरांच्या आयुष्याचं चीज झालं, नाही तर त्यांनी जन्मभर नुसते उंदीर पाळले, इतका सरळ हिशेब होता.

मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी, नलिनी धोबे. सर मुलींनाही आडनावानंच हाक मारत.

कूलरच्या खोलीत आम्ही पिंजरे दोन भिंतींना लावले. निम्म्या पिंजऱ्यांची पत्र्याची दारं मी लाल रंगवली होती, निम्म्यांची निळी. लाल दारांच्या उंदरांना रोज नळीनं वेलीचा काढा पाजायचा. निळ्या दारांच्या उंदरांना त्याच नळीनं नुसतं पाणी. रोग दोघांनाही सारखाच. शेवटी दोन्हीकडचं रक्त बघायचं. लालमधली पिल्लं गेली आणि निळ्यांतली तशीच राहिली, तर वेलीत गुण आहे. पिल्लं गेली तर मग मादी मेली का तेही बघायचं. सरळ गोष्ट आहे, पण ती काकूंना समजावून सांगताना मला घाम फुटला.

"म्हनजे निळ्यावाल्याईले औषध नाहीच द्याचं?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. तुलना करायची असते."

"अन् त्याईलेही तोच रोग हाये?"

"तोच."

"पाय तं नाही सुजले त्याईचे."

"यांचे जंत छातीत असतात. पाय सुजत नाहीत."

"पन ताप येत असन," काकू म्हणाल्या. "मले माहीत हाये तो ताप कसा असते. अंगात कोनी निखारे भरल्यासारखं होते."

उंदरांना ताप येत नाही असं मी म्हणाले, पण त्यांनी ऐकलं असं मला वाटलं नाही.

मग रोजचा क्रम सुरू झाला. सकाळी मी जायची, सर आणि मी उंदरांना काढा नाही तर पाणी पाजायचो, सर कॉलेजात निवृत्तीची कामं उरकायला जायचे आणि मी साल कुटत बसायची. काकूंनी आठवड्याभरात उंदीर आपलेसे केले. कूलरच्या टाकीत त्या स्वतः बादल्या ओतायच्या. पिंजऱ्यांवर ओली गोणपाटं टाकायच्या. कोणाचा कान फाटलेला होता तो कानतुट्या झाला, कोणी सतत जाळी कुरतडायचा तो सुतार झाला, एक मादी सारखी तोंड धुवायची ती नवरी झाली. दुपारी स्वयंपाक आटोपला की कणकेच्या गोळ्यांत गूळ घालून त्या वाटी घेऊन खोलीत बसायच्या आणि एकेकाला भरवायच्या.

"अनू, त्यांचं खाणं ठरलेलं आहे," सर एकदा म्हणाले.

"ठरलेलंच खाते ते. हे वरून हाये. तुमी नाही खात जेवन झाल्यावर गूळ?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, दोन्हीकडच्यांना सारखी कणीक मिळत असेल तर बिघडत नाही. सरही 'हं' म्हणाले. खरं सांगायचं तर त्या घरात इतक्या वर्षांत त्या दोघांना एकत्र बोलायला काहीतरी मिळालं होतं, आणि ते मोडावंसं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. संध्याकाळी सर घरी आले की काकू त्यांना सुतारानं काय केलं नि नवरीनं काय केलं ते सांगायच्या, आणि सर बूटसुद्धा न काढता ऐकत उभे राहायचे.

मे महिन्यात काकूंना ताप आला. पाय तापून लाल झाला, मांडीच्या सांध्यात गाठ आली. सरांनी दवाखान्यातून डॉक्टर आणले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि पांढऱ्या गोळ्यांची भली मोठी बाटली दिली. रोज तीन वेळा, खंड न पाडता घ्यायच्या. सर कॉलेजला निघताना विचारायचे, "गोळी घेतली?" काकू म्हणायच्या, "घेतली." पण ताप काही पुरता जात नव्हता. दोन दिवस उतरायचा, पुन्हा चढायचा. काकू तशाच लंगडत कूलरमध्ये पाणी ओतायच्या, आणि मी बादली हातातून घेतली तर रागवायच्या.

"गोळ्या लागू पडत नाहीत असं दिसतं," सर मला एकदा म्हणाले. "प्रयोग संपला की तिला नागपूरला घेऊन जातो."

प्रयोग जूनच्या सुरुवातीला संपला.

सर रक्त तपासायचे त्याची एक पद्धत होती आणि ती ते कधी मोडत नसत. काचेवरचा थेंब कोणत्या उंदराचा, हे त्यांना ठाऊक नसायचं. मी उंदरांच्या शेपटीतून थेंब घ्यायची, काचेवरच्या रक्ताला रंगद्रव्य लावायची, लाल-निळ्या दारांच्या काचा मिसळून टाकायची आणि एकेक त्यांच्या हातात द्यायची. "माणसाला जे हवं असतं तेच त्याला दिसतं," ते म्हणायचे. "म्हणून आपल्याला काय हवंय, हे हाताला कळू द्यायचं नाही." काच कुठल्या दाराची आहे हे फक्त मला माहीत असायचं, आणि तोंड बंद ठेवणं हे माझं काम.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावरच सूक्ष्मदर्शक मांडला होता. कूलर धडधडत होता. पहिली काच लाल दाराच्या उंदराची निघाली. सरांनी ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश पाहिली. महिन्याभरापूर्वी याच उंदराच्या थेंबात पिल्लांची नुसती गर्दी होती.

"स्वच्छ," सर म्हणाले.

दुसरी काचही लालच. "स्वच्छ." तिसरी. "स्वच्छ." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण आता ते काच परत द्यायच्या आधीच पुढचीसाठी हात पुढं करत होते. मला ओरडावंसं वाटत होतं. मी ओठ दाबून चौथी काच दिली. ती निळी होती.

सरांनी ती पाहिली. पुन्हा एकदा पाहिली.

"स्वच्छ," ते म्हणाले.

एखाद्या उंदराचं असं होऊ शकतं, म्हणून मी स्वतःची समजूत घातली आणि पुढची दिली. तीही निळीच होती. "स्वच्छ." मग लाल, स्वच्छ. मग निळी, स्वच्छ. सर आता खुर्चीत ताठ बसले होते. चेहऱ्यावर एरवी कधी न दिसणारं हसू पसरत होतं, आणि प्रत्येक 'स्वच्छ'बरोबर ते वाढत होतं. मी काचा देत होते. नियम असा होता की शेवटची काच होईपर्यंत बोलायचं नाही. त्यांच्या त्या हसण्याकडे बघणं मला सहन होत नव्हतं.

"धोबे," ते डोळा न काढता म्हणाले, "सगळ्या लालच आधी दिल्यास की काय? आता निळ्या येऊ देत."

मी पुढची काच पुढं केली.

"धोबे?"

"सर, यातल्या निम्म्या निळ्याच होत्या."

त्यांनी मान वर केली. हसू अजून तोंडावर तसंच होतं; ते पुसायचं राहून गेलं होतं. मग ते उठले, खोलीत गेले आणि स्वतःच्या हातानं निळ्या दारांतला एकेक उंदीर काढून त्यांनी पुन्हा रक्त घेतलं. रंग सुकायलाही नीट वेळ दिला नाही. पुन्हा पाहिलं. कुठंही काही नव्हतं. इतकी वर्षं तुटू न दिलेली लागण त्या घरातून नाहीशी झाली होती.

तेवढ्यात काकू कैरीच्या पन्ह्याचे पेले घेऊन आल्या. कपाळावर तापाचा घाम होता, पण चेहरा खुललेला होता. आतून त्या प्रत्येक 'स्वच्छ' ऐकत होत्या.

"झाले न सगळे बरे?" त्यांनी विचारलं.

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "अनू, तू यांना काही दिलंस?"

"देल्या न गोळ्या. कनकीत घालून, अर्धी अर्धी. कडू असते, म्हनून गूळ घालत होती."

"कुठल्या गोळ्या?"

"माह्या."

कूलरचा आवाज एकदम फार मोठा वाटायला लागला. सर दोन पावलं पुढं झाले आणि त्यांनी काकूंचे दोन्ही दंड धरले. मला वाटलं ते ओरडणार. पण त्यांचा आवाज अगदी हलका निघाला, जवळजवळ विनवणीचा.

"नीट आठव, अनू. कोणाला दिल्यास? फक्त निळ्यांना ना? निळ्यांनाच दिल्यास ना?"

मला कळलं ते काय विचारत होते. काकूंनी औषध फक्त निळ्यांना दिलं असेल, तर लाल दारांचे उंदीर वेलीनं बरे झाले असणार. अजूनही सगळं वाचलेलं असू शकत होतं. मीसुद्धा काकूंच्या तोंडाकडे बघत होते. तापानं फणफणलेल्या बाईचे दंड सरांच्या हातात होते आणि त्यांना तो ताप जाणवतही नव्हता, हे माझ्या लक्षात आलं ते नंतर.

"पयले निळ्यावाल्याईलेच देल्या," काकू म्हणाल्या. "त्याईले तुमी काहीच देत नव्हते म्हनून. पन मंग लालवाले जाळीले तोंड लावून पाहत राहत. त्याईले कसं नाही म्हनू? त्याईलेही देल्या."

"किती दिवस?"

"बाटली संपेपर्यंत."

सरांनी हात सोडले. काकूंनी पेले टेबलावर ठेवले, काचांच्या बाजूला.

"रागावले तुमी," त्या म्हणाल्या. "माहा पाय काही उतरत नाही, हे मले डॉक्टरनं कवाच सांगतलं. तुमी सांगतलं नाही, पन तुमालेही माहीत होतं. मंग मी गोळ्या खाऊन काय करू? हे लहान जीव हायेत, हे तं बरे होतीन, असं वाटलं मले. या घरात एकाले तरी बरं होऊ द्या न."

सर खुर्चीत बसले. मग काकूंनीच विचारलं, "आता सोडून द्याल न त्याईले?"

याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते सरांनी देऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. काहीतरी थाप मारली असती तरी चाललं असतं. पण सरांना आयुष्यात थाप मारता आली नाही.

"रक्त स्वच्छ झालं म्हणजे बरे झाले असं नाही, अनू," ते म्हणाले. "आत मादी मेली का जिवंत आहे, ते छाती उघडल्याशिवाय कळत नाही."

काकू पातळ पायावर ओढून आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पिंजरे परत कॉलेजात नेले. काकू बाहेर आल्या नाहीत. रिक्षात सर माझ्याशी पुटपुटल्यासारखं बोलत होते. खरं तर स्वतःशीच. गोळ्या पिल्लं मारतात. मादी सहसा मारत नाहीत. म्हणजे निळ्या उंदरांत मादी जिवंत मिळाली आणि लालमध्ये मेलेली, तर ते काम वेलीचंच. अजून संपलेलं नाही. धोबे, अजून संपलेलं नाही. मी हो म्हणत होते. मलाही तसंच वाटायला हवं होतं.

प्रयोगशाळेचा पत्रा एव्हाना तापला होता. पंखा बंद. मी ईथरच्या बरणीत एकेक उंदीर सोडायची, तो शांत झाला की सर त्याला पाटावर टाचून छाती उघडायचे. पहिला लाल. जिवंत मादी असली की छातीत पांढरा दोरा वळवळताना दिसतो. इथं तपकिरी पडलेला, कुजक्या सुतासारखा तुटणारा धागा होता. सरांनी तो चिमट्यानं उचलून उजेडात धरला.

"मेलेली," ते म्हणाले. "बघ. मेलेली आहे."

दुसरा लाल. मेलेली. तिसरा लाल. मेलेली. सरांच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळत होता आणि तो पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"आता निळा दे."

मी निळा दिला. सरांनी छाती उघडली आणि तसेच थांबले. मी पलीकडून वाकून पाहिलं. तोच तपकिरी धागा. तसाच तुटका. दुसऱ्या निळ्यात तेच. तिसऱ्यातही तेच.

"एवढ्याशा जिवाला माणसाची मात्रा," सर म्हणाले. "रोज. म्हणून माद्याही मेल्या. आता वेलीनं काय केलं आणि गोळीनं काय केलं, ते कोणालाच सांगता यायचं नाही."

"सर, राहू द्या," मी म्हणाले. "बाकीचे राहू द्या आता."

"काम अर्धवट टाकायचं नसतं, धोबे. पुढचा दे."

मी दिला. त्यांना विरोध करायची माझी छाती नव्हती, आणि थांबून तरी काय करायचं हे दोघांनाही कळत नव्हतं. ते एकामागून एक उंदीर उघडत गेले. आता ते माद्यांकडे बघतही नव्हते. फक्त कापत होते.

दारात सावली पडली म्हणून मी वळून पाहिलं. काकू उभ्या होत्या.

इतक्या वर्षांत त्या कॉलेजात कधी आल्या नव्हत्या. भर सकाळी, सगळा बाजार उघडा असताना, रिक्षात बसून तो पाय घेऊन आल्या होत्या. पायरी चढताना पातळ वर गेलं होतं आणि ते खाली ओढायचं त्यांना सुचलं नव्हतं. हातात स्टीलचा डबा होता. उंदरांचं सकाळचं खाणं राहिलं होतं, ते घेऊन आल्या होत्या. वाटेत त्यांनी कदाचित ठरवलं असेल की सरांची समजूत घालू, निदान दोनचार तरी मागून घेऊ.

त्या टेबलापर्यंत आल्या. पाटावर टाचलेल्या उंदराचा एक कान फाटलेला होता.

"हा कानतुट्या," त्या म्हणाल्या. "काल तं बरा झाला होता."

सरांच्या हातात चाकू होता. हातमोजे रक्तानं माखले होते. "अनू," ते म्हणाले. काकूंनी डबा टेबलाच्या कडेला ठेवला, पालथ्या हातानं कपाळ पुसलं आणि वळून चालू लागल्या. सर जागचे हलले नाहीत. मीच धावत बाहेर जाऊन रिक्षा थांबवली आणि काकूंना हात देऊन बसवलं. त्यांचा हात भाजत होता.

सर त्या महिन्याच्या शेवटी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कोणीतरी त्यांच्या अखंड साधनेबद्दल बरंच बोललं. नवे उंदीर मिळावेत म्हणून सरांनी त्या संस्थेकडे शब्द टाकून पाहिला, पण प्रयोगशाळा नसलेल्या निवृत्त माणसाला रोगी उंदीर कोण देणार? प्राणिघर पावसाळ्यानंतर पाडलं. मला पुढं दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि मी जन्मभर गांडुळांवर काम केलं. ती वेल भामरागडला अजून असेल. तिच्यात गुण होता की नव्हता, हे आजही कोणाला माहीत नाही.

दिवाळीत मी सरांना भेटायला गेले. कूलरच्या खोलीत, जिथं पिंजरे होते तिथं, आता काकूंची खाट होती. पावसाळाभर त्यांना ताप येत राहिला होता. पायाला जखमा झाल्या होत्या आणि खोलीत औषधाचा वास भरला होता. चेहरा इतका उतरला होता की मला रडूच आलं. सर खाटेशेजारी स्टुलावर बसले होते, तळहातावर एक पांढरी गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन. किती वेळ बसले होते कोण जाणे.

"घेत नाही," सर मला म्हणाले. "डॉक्टर रागावून गेले, तरी घेत नाही. मी सांगून सांगून थकलो. तुझं ऐकेल बघ."

मी काकूंच्या उशाशी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"काकू, घ्या न गोळी," मी म्हणाले. "घेतली की बरं होईल."

काकूंनी सरांच्या तळहाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या रागावलेल्या नव्हत्या. एखाद्या लहान मुलीला समजवावं तसं त्या म्हणाल्या, "नाही वं माय. बरं झाल्यावर काय करतेत, ते मी पाह्यलं."

सरांनी गोळी परत बाटलीत टाकली आणि झाकण लावलं.